झडप बदलल्यावर ईएफ उतरलं, तेव्हा

ऑपरेशनआधी माझं ईएफ, म्हणजे हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यातलं किती टक्के रक्त दर ठोक्याला बाहेर पडतं तो आकडा, ६० होतं. डावीकडच्या दोन कप्प्यांमधली गळणारी मायट्रल झडप काढून धातूची बसवली आणि नंतरच्या पहिल्या टूडी इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, आकडा आला ५०. ह्यांचा चेहराच उतरला. छाती उघडून घेतली ती हृदय अजून अशक्त करायला का?

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. झडप गळत होती तेव्हा दर ठोक्याला बरंचसं रक्त मागे, वरच्या कप्प्यात परत जायचं. ती वाट सोपी, दाब कमी. ईएफ मात्र कप्प्यातून किती रक्त बाहेर पडलं एवढंच मोजतं, पुढे गेलं की मागे ते नाही. म्हणजे आधीचे ६० फुगलेलेच होते. आता सगळं रक्त महाधमनीच्या दाबाविरुद्ध पुढे ढकलायचं, म्हणून आकडा खाली येतो. पुढे पुष्कळांचा थोडाफार सुधारतो.

तपासणी तशी साधी. डाव्या कुशीवर झोपायचं, गार जेल, फासळ्यांच्या मधून प्रोब. टाके ताजे असताना तो दाब सोसवत नाही. तेव्हा खुशाल सांगावं, हलक्या हाताने करतात. धातूच्या झडपेची सावली नेमकी वरच्या कप्प्यावर पडते, त्यामुळे तिथली गळती छातीवरून नीट दिसत नाही. शंका आली तर अन्ननलिकेतून प्रोब घालून टीईई करतात. माझ्यावर ती वेळ आली नाही. रिपोर्टात किंचित गळती लिहिली होती, पण दोन पाकळ्यांच्या झडपेत तेवढी मुद्दामच ठेवलेली असते, बिजागरीपाशी गुठळी धरू नये म्हणून.

खरी धास्ती पुढच्या वर्षी. इको दुसऱ्या सेंटरला, तिथे लिफ्ट बंद, जिने चढून लगेच टेबलावर. झडपेवरचा सरासरी ग्रेडियंट, म्हणजे तिच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक, ७ आला, आधी ४ होता. गुठळी झाली तरी तो वाढतो, म्हणून डॉक्टरांनी आधी आयएनआर विचारला, रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा. २.८ होता, माझ्या झडपेला २.५ ते ३.५ लागतो. मग जुना रिपोर्ट शेजारी ठेवला. तेव्हा ठोके ७२, आता १०४. ठोके वाढले की झडप उघडी राहण्याचा वेळ घटतो आणि ग्रेडियंट चढतो. थोडं बसवून पुन्हा केला, ४ आला.

ऑपरेशननंतर दीड ते तीन महिन्यांत काढलेला तो पहिला इको आणि झडपेचं कार्ड मी एकाच फाइलला लावलंय. झडपेचा नंबर विचारतातच. सध्या ईएफ ५५ आहे. दोन कप्प्यांमधल्या पडद्याची हालचाल अजून वेगळी दिसते, पण हृदयाच्या ऑपरेशननंतर ती तशी राहू शकते म्हणाले.