कुंडीतली हिरवी सुई

आज धुळ्यात कडाक्याची थंडी. सकाळी कुंड्यांना पाणी घालायला गच्चीवर गेलो आणि तिथेच खाली बसलो. बुटक्या पंखा-पामच्या कुंडीत हिरवी सुई वर आलेली! जेमतेम नखाएवढी, टोकाला अजून मातीचा कण.

गणपतीत १२ बिया लावल्या होत्या. गर खरवडला, तीन दिवस पाणी बदलत भिजवल्या, रेती-कोकोपीटमध्ये पुरल्या. आई कितीदा म्हणाली, "काय शे त्यामा? फेकी दे." पण ही बी आधी खाली जाते. तिच्यातून देठासारखी नळी निघून मातीत उतरते, मूळ धरते आणि पान उगवतं ते बीच्या शेजारी. तोवर वर काहीच दिसत नाही. आपल्या शिंदीचंही, म्हणजे रानखजुराचंही, असंच.

हा पाम मूळचा स्पेन-मोरोक्कोकडच्या खडकाळ टेकड्यांवरचा. मोठं झाड उणे १० अंशांपर्यंतची थंडी सोसतं, रोपाला मात्र जपावं लागतं. म्हणून रात्री कुंडी जिन्यात, दिवसा उन्हात. पंख्यासारखं पान यायला अजून वर्ष-दोन वर्षं तरी लागतील. लागू देत.

आईला हाताला धरून वर आणलं. तिने चष्मा लावून बराच वेळ पाहिलं, मग पदराने कुंडीची कड पुसली.