हार्ट पंप, न लागणारी नाडी आणि आतड्यातला रक्तस्राव: माझा अनुभव

बाबांच्या छातीत हार्टमेट ३ पंप आहे, कमकुवत हृदयाच्या जोडीनं रक्त ढकलणारा. मनगटाला नाडी बहुतेक वेळा लागत नाही, बीपीचं डिजिटल मशीन ‘एरर’ दाखवतं, ऑक्सिमीटरचा भरवसा नाही. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या दवाखान्यात नवी सिस्टर असली की आधी तिलाच धीर द्यावा लागतो. पंप मिनिटाला पाच-साडेपाच हजार फेरे घेत रक्त सलग ढकलतो. दर दोन सेकंदांनी तो वेग मुद्दाम कमी-जास्त करतो खरा, पण तेवढ्यानं बोटाला ठोका जाणवत नाही.

म्हणून आधी माणूस बघायचा: बोलतोय का, हातपाय गरम आहेत का. मग स्टेथोस्कोप हृदयाच्या टोकापाशी. सलग घरघर ऐकू आली म्हणजे पंप चालू. बीपी डॉपलरनं, म्हणजे रक्ताच्या प्रवाहाचा आवाज ऐकवणाऱ्या छोट्या यंत्रानं. दंडाला कफ, कोपराच्या आतल्या बाजूला जेल आणि प्रोब; आवाज सापडला की तो बंद होईपर्यंत कफ फुगवायचा आणि हवा सेकंदाला दोन-तीन एमएमनं सोडायची. आवाज परत येतो तो आकडा. एकच, वरचा-खालचा नाही. आम्हाला ७० ते ९० सांगितलंय. हवा भसकन सोडली तर आकडा खोटा कमी येतो.

रक्तस्रावाचं मूळही या पंपातच आहे. रक्त गोठवायला मदत करणारं व्हॉन विलेब्रँड हे लांब साखळीचं प्रथिन पंपातल्या ताणानं उलगडतं आणि एन्झाइम त्याचे तुकडे करतं. त्यात नाडीचा ठोका क्षीण असल्यानं आतड्यात नाजूक, वेड्यावाकड्या रक्तवाहिन्या तयार होतात असं मानतात. वर रक्त पातळ ठेवणारी वॉर्फरिनची गोळी आहेच. आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आकडा, २ ते ३.

पहिली खूण संडासची: काळी, चिकट, डांबरासारखी, उग्र वासाची. लोहाच्या गोळीनंही काळी होते, पण ती चिकट नसते आणि तसा वास येत नाही. शंका असली तर वाट बघत बसायचं नाही. त्याच दिवशी हिमोग्लोबिन आणि आयएनआर. अंगातलं रक्त कमी झालं की पंपावर दिसणारे पीआय (हृदयाच्या ठोक्याचा जोर) आणि फ्लो (मिनिटाला किती रक्त जातं) दोन्ही उतरतात, अडीच लिटरच्या खाली ‘लो फ्लो’ अलार्म वाजतो. इथं पंपाचा वेग वाढवणं म्हणजे रिकामं हृदय ओढायला लावणं. वेगाला हात पंप बसवणाऱ्या सेंटरनंच लावायचा.

स्थानिक डॉक्टर वॉर्फरिनचा उतारा म्हणून चटकन व्हिटॅमिन के द्यायला निघतात. मोठा डोस दिला तर पंपात गुठळी होण्याची भीती, म्हणून इंजेक्शनआधी सेंटरला फोन. रक्त चढवायचं तर पांढऱ्या पेशी गाळलेलं मागायचं, कारण पुढं हृदय प्रत्यारोपण ठरलं तर अंगात तयार झालेल्या अँटीबॉडी आड येतात. दुर्बिणीत वर-खाली काही सापडलं नाही तर घाबरू नये. जागा बऱ्याचदा छोट्या आतड्यात असते, तिथं गिळायची कॅमेऱ्याची कॅप्सूल किंवा लांब दुर्बीण (एंटेरोस्कोप) लागते. जागा सापडली की आर्गॉन वायूच्या झोतानं जाळतात. वॉर्फरिन किती दिवस बंद आणि परत कितीवर, हेही लेखी घ्या.

अॅस्पिरिनबद्दल आवर्जून विचारा. २०२३ च्या एरीज अभ्यासात हार्टमेट ३ च्या रुग्णांत अॅस्पिरिनशिवाय मोठे रक्तस्राव साधारण एक तृतीयांशानं कमी झाले, गुठळ्या वाढल्या नाहीत. पण स्वतःहून बंद करू नका. गुडघेदुखीसाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक घरात नकोच, त्यानंही रक्तस्राव होतो. मेथी-पालकात व्हिटॅमिन के असतं; खा, फक्त दर आठवड्याला सारखंच प्रमाण ठेवा. तांबड्या रश्श्यात मीठ बेतानं.

पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला लागलं की आमची तयारी सुरू होते. २०१९ आणि २०२१ ला महामार्ग बंद झाला होता, मुंबईचं सेंटर मग फोनवरच. तेव्हा घरी हवं: आयएनआरचं मशीन आणि पट्ट्या, महिन्याचं वॉर्फरिन, डॉपलरची जेल आणि सगळ्या बॅटऱ्या चार्ज. बॅटऱ्यांची नवी जोडी जास्तीत जास्त १७ तास चालते, जुनी त्याहून कमी.