उताणी पडली म्हणजे मेली नव्हे

मेक्सिकन रेड-नी टॅरंटुला, म्हणजे एक मोठा केसाळ कोळी, पाळायला अवघड नाही. अवघड आहे ती तिची कात. माझी मादी परभणीत आमच्या घरातल्या सगळ्यात थंड खोलीत असते. मूळची मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्याकडची, बिळात राहणारी जात. स्वभाव शांत, तासन्‌तास एका जागी बसून राहते. डिवचलं तर बहुधा चावण्याआधी मागच्या पायांनी पोटावरचे केस झाडते. ते डोळ्यांत गेले तर फार त्रास होतो, म्हणून पेटी साफ करताना मी चष्मा लावतो. हातावर तर घेतच नाही. उंचावरून पडली तर पोट फुटून जीव जाऊ शकतो.

ऐन वैशाखात तिनं खाणं सोडलं. समोरून रातकिडा गेला तरी पाय आखडून घ्यायची. पोटावर केस झडलेला फिकट डाग होता, तो काळाभोर होत गेला. आतले नवे केस जुन्या कातडीतून दिसू लागतात, ही कातीची पक्की खूण. मी रातकिडे लगेच काढले. कात टाकताना ती इतकी मऊ असते की रातकिडाही तिला कुरतडू शकतो. पाण्याचं भांडं भरलं आणि पेटी कूलरच्या झोतापासून दूर, आतल्या भिंतीला लावली.

एका सकाळी आई म्हणाली, "अरे, मेली की रे ही! उताणी पडलीय."

"नाही आई, कात टाकतीय. कुणी हात लावू नका."

मरणारी टॅरंटुला सहसा पालथीच असते, पाय पोटाखाली मुडपून. हिचं पाठीवरचं कवच कडेनं सुटलं आणि हातमोज्यातून बोटं काढावीत तसे आठही पाय हळूहळू बाहेर आले. काही तास गेले त्यात. सुळे पांढरेशुभ्र होते! ते लालसर आणि मग काळे होईपर्यंत खायला द्यायचं नसतं. साधारण पंधरवडा तरी थांबावं. गुडघ्यांचा केशरी रंग मात्र तेव्हा असा उजळला की बघतच राहावं.

टाकलेली कात भिजवून पोटाकडचा भाग उलगडला, की आतल्या पिशवीवरून मादी ओळखता येते. मादी 20 वर्षांहून जास्त जगते, नर त्या मानानं फार कमी. घेणाऱ्यानं हा हिशेब आधीच करावा. शिवाय ही जात वन्यजीवांच्या व्यापारावरच्या साइट्स या जागतिक कराराच्या परिशिष्ट 2 मध्ये आहे, आणि आपल्याकडे 2024 च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. विकणारा कागद देत नसेल तर घेऊच नये.