माउथगार्डची जाडी नेमकी कुठे हवी?

हॉकीची स्टिक किंवा प्रतिस्पर्ध्याचे कोपर तोंडावर आदळते तेव्हा सर्वाधिक इजा होते ती वरच्या पटाशीच्या दातांना, आणि ज्यांचे दात पुढे आलेले असतात किंवा ओठ त्यांवर पूर्ण मिटत नाहीत, त्यांना हा धोका अधिक असतो. माउथगार्ड, म्हणजे खेळताना दातांवर चढवायचे लवचीक कवच, साधारणतः वरच्या जबड्यावर बसवतात, ते याच कारणाने. त्याचा लवचीक थर दबताना आघाताची काही ऊर्जा शोषून घेतो, आघाताचा क्षण किंचित लांबवून त्याचा कमाल जोर कमी करतो आणि एकाच दातावर येणारा भार शेजारच्या दातांवर वाटून देतो.

हनुवटीवर खालून बसलेल्या ठोशाचा विचार फारसा केला जात नाही, याचे मला आश्चर्य वाटते. अशा वेळी खालचे दात वरच्या दातांवर जोराने आपटतात, दाढांचे कंगोरे तुटतात, जीभ मध्ये सापडते आणि तो धक्का कानासमोरच्या सांध्यापर्यंत पोहोचून तिथले हाडही मोडू शकते. दोन्ही जबड्यांच्या मध्ये असलेला थर ही आदळआपट सौम्य करतो. शिवाय ओठ आणि गाल आतून दातांच्या कडांवर फाटण्याचा धोकाही कमी होतो.

लंडनचे दंतवैद्य वुल्फ क्राउझ यांनी 1890च्या सुमारास मुष्टियोद्ध्यांच्या दातांवर गट्टापर्चाच्या, म्हणजे झाडाच्या चिकापासून बनणाऱ्या रबरासारख्या पदार्थाच्या, पट्ट्या बसवल्या होत्या. आज बहुतांश माउथगार्ड ईव्हीए या प्लॅस्टिकचे असतात. जाडी साधारण 3 ते 4 मिलिमीटर असावी, कारण त्याहून जाड थराने संरक्षणात विशेष भर पडत नाही, उलट श्वास घेणे आणि बोलणे अवघड होते. इथेच गरम पाण्यात मऊ करून चावून बसवण्याच्या प्रकाराची उणीव आहे: चावताना जोर जास्त झाला की चावण्याच्या कडांवरचा थर, म्हणजे जिथे जाडी सर्वाधिक हवी तिथलाच, पातळ होतो. तयार आकाराचे माउथगार्ड तर इतके सैल असते की ते जागेवर राहण्यासाठी दात आवळून धरावे लागतात. दंतवैद्याने दातांचे माप घेऊन, साच्यावर तापवलेल्या शीटचे थर दाबून बनवलेले माउथगार्ड महाग पडते, पण ते बोलतानाही सुटत नाही आणि कुठे किती जाडी राहील हे बनवणाऱ्याच्या हातात असते, म्हणून माझे मत त्याच्याच बाजूने आहे.

माउथगार्डमुळे मेंदूला बसणारा धक्काही टळतो, हा विक्रेत्यांचा दावा मात्र मला अतिशयोक्त वाटतो. त्याबाबतचे पुरावे एकमताचे नाहीत.

वाढत्या वयातील मुलांचे दात आणि जबडे बदलत असल्याने त्यांचे माउथगार्ड वेळोवेळी नव्याने बनवावे लागते, आणि दातांना तारा लावलेल्या असतील तर त्यांच्यासाठी आत मोकळी जागा ठेवावी लागते. ते धुण्यासाठी थंड पाणीच वापरावे, कारण गरम पाण्याने ईव्हीए मऊ पडून बसवलेला आकार बिघडतो.