मूळ प्रेसिंग की रीइश्यू? तुम्ही विचारलंत म्हणून

"रेकॉर्ड घ्यायची तर मूळ प्रेसिंगचीच घ्यावी ना?" नवा प्लेअर घेतलेले बहुतेक जण मला हे विचारतात, तेही 'हो' ऐकायच्या तयारीनं. (मूळ प्रेसिंग म्हणजे रेकॉर्ड पहिल्यांदा बाजारात आली तेव्हा छापलेली तबकडी; रीइश्यू म्हणजे तीच नंतर पुन्हा काढलेली.) मी म्हणतो, समोर आहे ती तबकडी आधी वाजवून बघा, साल मागाहून विचारा.

मूळ प्रेसिंगची बाजू भक्कम आहे, नाही म्हणत नाही. टेप ताजी असताना कटिंग, म्हणजे टेपवरचा आवाज तबकडीसाठी खाचेत कोरण्याचं काम, झालेलं असतं. पण मूळ म्हणजे निर्दोष असं थोडंच आहे? अमेरिकन जॅझ वादक माइल्स डेव्हिसचं 'काइंड ऑफ ब्लू' घ्या. २ मार्च १९५९ च्या रेकॉर्डिंगला मुख्य टेप मशीन जरा हळू फिरत होतं. ती टेप नेहमीच्या वेगानं वाजवली की सूर वर चढतो, त्यामुळे त्या दिवशीच्या तिन्ही रचना, म्हणजे अख्खी पहिली बाजू, किंचित चढी वाजते. सोबत पेटी धरून बसलात तर लगेच कळेल. ही चूक सुधारली १९९२ साली, दुसऱ्या मशीनवरच्या जादा टेपवरून. भारी किंमत मोजून आणलेलं पहिलं प्रेसिंग चढं, आणि नंतरचा रीइश्यू सुरात!

आपल्या खयालाच्या एलपींची गोष्ट वेगळीच. तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, ते काही बदलत नाही. पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच सरकते, तर आत लेबलाजवळ जेमतेम २०-२२. तेवढ्याच जागेत सगळा आवाज कोंबायचा, म्हणून आत सूर फाटायची भीती जास्त. आणि आपल्याकडे संथ विलंबित बाहेर, वेगवान द्रुत आत! किशोरीताई आमोणकरांच्या भूप रागाच्या एलपीवर 'सहेला रे' ही द्रुत बंदिश येते ती बाजू संपत आल्यावरच. त्यात आधीच्या मालकानं झिजलेली सुई वर्षानुवर्षं फिरवली असेल, तर तानांच्या जागी नुसती खरखर उरते. दुकानदार सुरुवातीचा आलाप ऐकवतो. तुम्ही सुई उचलून शेवटच्या पाच मिनिटांवर ठेवायला सांगा. तिथं आवाज स्वच्छ असेल तर कव्हर फाटकं असलं तरी घ्या.

रीइश्यूला ही झीज नसते, पण तो कशावरून कापला हा प्रश्न असतोच. मूळ टेप, तिची नक्कल, की सीडीसाठी केलेली फाइल? अर्थात, कानांची घमेंडही नको. मोबाइल फिडेलिटी या अमेरिकन कंपनीच्या ज्या तबकड्यांना शौकीन शुद्ध ॲनालॉग, म्हणजे टेपवरून थेट कापलेल्या, समजून डोक्यावर घेत होते, त्यांतल्या अनेकींमध्ये डिजिटल टप्पा असल्याचं २०२२ साली उघड झालं. तोवर फारसा कुणाच्या कानाला तो खटकला नव्हता.

तरीही कव्हरवर ना टेपचा उल्लेख, ना कटिंग करणाऱ्याचं नाव, असा रीइश्यू मी घेत नाही. तो सीडीच्या फाइलवरूनच कापला असेल आणि तीच फाइल मोबाइलवर ऐकता येत असेल, तर तबकडीला चार हजार कशाला घालवायचे?