होल पाडणाऱ्यांची गोष्ट : आमची वाटचाल

आमची फर्म सुरू झाली ती एका सेकंडहँड कोअर कटिंग मशिनवर. काम ठरलेलं. बिल्डिंग उभी राहिली, प्लास्टर झालं, टाइल्सवाला येऊन बसला आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं की अरे, संडासाची लाइन खाली न्यायला वाटच ठेवलेली नाही, की आम्हाला फोन. आम्ही जायचो, स्लॅबला गोल होल पाडून द्यायचो, होलच्या हिशोबाने बिल करायचो आणि निघायचो पुढच्या साइटवर. आज मशिनं जास्त आहेत, पण बरेचदा गोडाऊनला पडून असतात आणि मला त्याचं वाईट वाटत नाही, कारण आता आमचं निम्म्याहून जास्त काम स्लॅब ओतायच्या आधीचं असतं. लोक म्हणतात धंदा पुढे गेला, मी म्हणतो आमचा धंदा मागे मागे सरकत गेला, प्लास्टरनंतरच्या कामावरून सेंट्रिंगवर, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्यावर, आणि तिथून ड्रॉइंगच्या टेबलावर.

कोअर कटिंग बघायला सोपं. मशिन अँकर बोल्टने पक्कं करायचं, डायमंड बिटला, म्हणजे हिऱ्याचे कण बसवलेल्या पोकळ नळीला, पाणी सोडायचं आणि सावकाश दाब द्यायचा. काँक्रीट कापलं जातंय तोवर राखाडी गाळ वाहत असतो. सळई लागली की आवाज जड होतो, बिट पुढे सरकायचं जवळपास थांबतं आणि गाळाच्या जागी पाणी स्वच्छ यायला लागतं. खरी परीक्षा इथे असते, कारण बिट सळईसुद्धा कापतं, थोडा वेळ जास्त लागतो एवढंच, आणि मागे उभा असलेला सुपरवायझर घड्याळ बघत म्हणत असतो मारा हो, एका बारने काय होतंय. आमच्या पोरांना सांगून ठेवलंय, आवाज बदलला की मशिन बंद, मग समोरचा कितीही ओरडू दे. आता तर आधी स्कॅनर फिरवतो, सळया कुठून गेल्यात ते खडूने मारून घेतो आणि दोन सळयांच्या मधे सेंटर धरतो. होल थोडं इकडेतिकडे सरकलं तर प्लंबरला एखादं बेंड जास्त लागतं, बाकी काही नाही.

बीमचं प्रकरण मात्र वेगळं. एका साइटवर आम्ही नुसती टॉयलेटची होलं पाडायला गेलेलो आणि शेजारच्या खोलीत कुणीतरी एसीच्या पाइपसाठी बीमच्या बुडाला ब्रेकर लावून खोल खाच मारून ठेवलेली, रिंगा, म्हणजे मुख्य सळयांभोवती बांधलेली कडी, कापून बाजूला वाकवलेल्या, खालचे बार उघडे. स्ट्रक्चरल इंजिनिअर आले, सगळ्यात आधी खाली टेकू लावून घेतले, आणि मग रागावण्याऐवजी भिंतीवरच खडूने बीम काढून आम्हाला सगळ्यांना समजावलं. बीमवर भार आला की तो वाकतो, मधल्या भागात वरचं काँक्रीट दाबलं जातं आणि खालचं ताणलं जातं, काँक्रीटला ताण सोसत नाही म्हणून मुख्य सळया खाली, आणि कॉलमवर बीम पुढे चालू असेल तर तिथे उलटं, ताण वर. म्हणजे बीमचं बूड आणि माथा हात लावायच्या जागाच नाहीत. मधल्या उंचीला वाकण्याचा ताण सगळ्यात कमी असतो, पाइप न्यायचाच असेल तर तिथून, तेही कॉलमपासून लांब, कारण कॉलमजवळ शिअर, म्हणजे बीमला कात्रीसारखा कापू बघणारा जोर, सगळ्यात जास्त, आणि रिंगा असतात त्या शिअरसाठीच, म्हणून तर कॉलमकडे त्या जवळजवळ बांधतात. आणि हे सगळं पाळूनही होल ठेवायचं तर ते आधी डिझाइनमध्ये पाहिजे, त्याच्या भोवती जादा स्टील पाहिजे.

त्या भिंतीवरच्या चित्रानंतर आमच्या कोटेशनमध्ये एक ओळ कायमची आली की बीम आणि कॉलमला इंजिनिअरच्या सहीशिवाय हात लावणार नाही. काही गिऱ्हाइकं त्या ओळीमुळे गेली. पण त्याच ओळीमुळे इंजिनिअर लोक आमचं नाव सुचवायला लागले आणि मग त्यातल्याच एकाने विचारलं, तुम्ही नंतर येऊन होलं पाडता त्यापेक्षा आधी येऊन स्लीव्ह का नाही बसवत?

तर स्लीव्ह. म्हणजे काय, जिथून पुढे पाइप जाणार तिथे कास्टिंगच्या, म्हणजे काँक्रीट ओतायच्या, आधीच मोठ्या मापाचा पाइपचा तुकडा बसवून ठेवायचा. मोठ्या मापाचा कशासाठी तर पाइप आत मोकळा राहिला पाहिजे, गरम पाण्याचा सीपीव्हीसी हा प्लॅस्टिकचा पाइप तर स्टीलच्या पाचपट पसरतो, दहा मीटरची लाइन चाळीस डिग्रीने तापली तर २५ मिमीच्या आसपास लांब होते, ती काँक्रीटमध्ये घट्ट पकडली की कुठेतरी जॉइंटवर राग काढणारच. स्लीव्ह बसवताना रिंग कापायची नाही, दोन रिंगांच्या मधे जागा धरायची आणि नाहीच मिळाली तर इंजिनिअरला फोन. दोन्ही तोंडं थर्माकोल आणि टेपने बंद करायची, प्लायला खिळ्यांनी पक्की करायची, वरून बाइंडिंग वायरने सळईला बांधायची. एवढं करूनही काँक्रीट हलवून बसवणाऱ्या व्हायब्रेटरची नीडल लागली की स्लीव्ह हलते, म्हणून स्लॅब ओतून होईपर्यंत आमचा एक माणूस तिथेच असतो, त्याचं काम फक्त स्लीव्हवर लक्ष ठेवायचं. सेंट्रिंगवाले सुरुवातीला हसायचे, हा काय नुसता उभा राहतो म्हणून.

इलेक्ट्रिकच्या कन्ड्यूटचं, म्हणजे वायर ज्यातून ओढतात त्या पाइपचं, दुखणं अजून वेगळं. एकेक पाइप बारीक, म्हणून कुणी मनावर घेत नाही, पण डीबीपाशी, म्हणजे सगळ्या वायरी जिथे येतात त्या मुख्य डब्यापाशी, सगळे एकत्र येतात आणि तिथे चिकटून चिकटून एवढे पाइप होतात की त्यांच्यामध्ये खडी उतरायला जागाच राहत नाही, नुसती पोकळी. अमेरिकन काँक्रीट कोडमध्ये वर्षानुवर्षं एक सोपा नियम होता, स्लॅबमधल्या पाइपचं बाहेरचं माप स्लॅबच्या जाडीच्या एक तृतीयांशपेक्षा जास्त नको आणि दोन पाइपच्या सेंटरमध्ये व्यासाच्या तिप्पट अंतर. २५ मिमीचा कन्ड्यूट असेल तर ७५ मिमी. आम्ही तो सगळीकडे धरतो, डीबीकडे पाइप पंख्यासारखे पसरवून आणतो, इलेक्ट्रिशियन कुरकुरतो, पण तार ओढताना त्यालाच बरं पडतं कारण बेंड कमी होतात.

मधल्या काळात लाकडी फ्रेमची आणि हलक्या स्टील फ्रेमची कामं आली आणि वाटलं चला, इथे काँक्रीट नाही म्हणजे डोक्याला ताप नाही. उलट झालं. काँक्रीटमध्ये निदान होल पाडायला मेहनत लागते, लाकडाला कुणीही ड्रिल लावतो. अमेरिकेतल्या घरांच्या कोडप्रमाणे लाकडी जॉइस्टमध्ये, म्हणजे मजल्याची जमीन पेलणाऱ्या आडव्या लाकडात, होल उंचीच्या एक तृतीयांशपर्यंतच, वरच्या खालच्या कडेपासून ५० मिमी सोडून, आणि खाच असेल तर उंचीच्या एक षष्ठांश, तीही मधल्या एक तृतीयांश लांबीत अजिबात नाही. आता हिशोब करा, २४० मिमी उंच जॉइस्टमध्ये जास्तीत जास्त ८० मिमीचं होल बसतं आणि संडासाचा पाइप ११० चा. म्हणजे तो आडवा जातच नाही, जॉइस्टला समांतरच न्यायला लागतो, आणि हे ड्रॉइंग काढतानाच ठरलं नाही तर साइटवर करवत निघते. भिंतीच्या उभ्या लाकडात केबलचं होल कडेपासून ३२ मिमीच्या आत आलं तर वर स्टीलची पट्टी मारायची, नाहीतर नंतर कुणी फोटो टांगायला स्क्रू मारतो तो थेट वायरमध्ये. स्टीलच्या फ्रेममध्ये होलं कंपनीतूनच पाडून येतात, तिथे फक्त होलाच्या कडेला बसवायचं रबरी ग्रॉमेट विसरायचं नाही, पत्र्याची धार केबलचं इन्सुलेशन कापते.

या सगळ्यातून आमचा ड्रॉइंग वाचायचा क्रम ठरत गेला. आधी ड्रेनेज, कारण तिला उतार लागतो आणि उताराशी वाद घालता येत नाही, ५० ला १ धरला तरी चार मीटरमध्ये पाइप ८० मिमी खाली येतो आणि तेवढ्यात मधे बीम आला तर संपलं. मग एसीचे डक्ट, म्हणजे हवा नेणारे पत्र्याचे बोगदे, कारण ते जाडजूड, मग पाण्याचे प्रेशरचे पाइप, आणि केबल शेवटी, ती बिचारी कुठूनही वळते. इलेक्ट्रिकवाले यावर रागावतात, मला मान्य आहे, पण दुसरा क्रम मला तरी सापडलेला नाही.

होलं बुजवायचं काम आम्ही बऱ्याच उशिरा घेतलं. खरं तर ते आधीपासून करायला हवं असं कुणीही म्हणेल, पण त्याचे पैसे द्यायला कुणी तयार नसायचं. भिंतीतून केबल गेली की भोवतीच्या फटीतून धूर आणि आग पलीकडे जाते, आणि प्लॅस्टिकचा पाइप तर आगीत वितळून स्वतःच मोकळं होल होतो, म्हणून त्याला आगीत फुगून वाट बंद करणारी कॉलर लावतात. नवीन पोरांना मी अलाबामामधल्या ब्राउन्स फेरी अणुऊर्जा केंद्राचं उदाहरण सांगतो. २२ मार्च १९७५, केबल जिथून भिंतीपार जातात तिथे हवा गळतेय का ते बघायला मेणबत्ती धरली, फटीत भरलेल्या फोमने पेट घेतला आणि १६०० हून जास्त केबलींना झळ बसली. सीलिंग म्हणजे मिळेल तो फोम मारणं नाही, हे माझ्या लेक्चरपेक्षा त्या गोष्टीने पटकन कळतं.

बिलाचा प्रश्न अजून सुटलेला नाही. होल दिसतं, मोजता येतं, त्याचे पैसे लोक देतात. ड्रॉइंगवर बसून चाळीस होलं वाचवली तर गिऱ्हाइक विचारतं तुम्ही केलं काय. म्हणून आता आम्ही मजल्याच्या हिशोबाने कोटेशन देतो, त्यात ड्रॉइंग, स्लीव्ह, कास्टिंगच्या वेळचा माणूस आणि कास्टिंगआधीचे टेप धरून काढलेले फोटो हे सगळं आलं, आणि नंतर जी होलं पाडायला लागतील ती वेगळी. फोटोंचा उपयोग लोकांना उशिरा कळतो, फॉल्स सीलिंगवाला अँकर मारायला आला की आत पाइप कुठे आहेत ते विचारायला पहिला फोन आम्हालाच.

पोस्ट टेन्शन स्लॅबला मात्र अजून आम्ही जपूनच हात घालतो. त्यात स्लॅबला ताकद देणाऱ्या स्टीलच्या केबल असतात, त्या प्रचंड ताणलेल्या असतात, एक कापली गेली तर स्लॅबची ताकद जाते आणि समोरच्या माणसाच्या जिवावरही बेतू शकतं. तिथे केबलचं ड्रॉइंग, इंजिनिअरची सही आणि रडार स्कॅनिंग, तिन्ही असल्याशिवाय मशिन गाडीतून खाली उतरत नाही. रडारचा स्कॅनर सध्या भाड्याने आणतो, स्वतःचा घ्यायचा विचार चाललाय, आधी तो नीट वाचता येईल असा माणूस तयार करतोय.