तुम्ही विचारलंत म्हणून: पहिला गेमिंग पीसी आणि भिंतीतलं सॉकेट

बारावीचा निकाल लागला की आणि दिवाळी तोंडावर आली की मला एक प्रश्न हमखास येतो. कधी आतेभाऊ विचारतो, कधी शेजारच्या काकू मुलासाठी विचारतात, "पहिल्यांदाच पीसी बनवतोय, गेमिंगसाठी, बजेट एवढं एवढं आहे, पार्ट सांग ना." सोबत एक लिस्ट असते. सगळ्यात वर ग्राफिक्स कार्ड, खाली प्रोसेसर, मग रॅम, आणि एसएमपीएस, म्हणजे पीसीतल्या सगळ्या पार्टना वीज पुरवणारा डबा, त्याच्या पुढे लिहिलेलं असतं "कुठलाही चालेल". मॉनिटर बऱ्याचदा लिस्टमध्ये नसतोच, तो म्हणे नंतर बघू.

मी ती लिस्ट बाजूला ठेवून दोनच गोष्टी विचारतो. मॉनिटर कुठला घेणार? आणि पीसी जिथे ठेवणार तिथल्या सॉकेटला अर्थिंग आहे का? दुसऱ्या प्रश्नावर समोरचा गप्पच होतो, म्हणून आधी तेच सांगतो.

मी माझा पहिला पीसी 2022 मध्ये बनवला, सातारा जिल्ह्यातल्या आमच्या जुन्या घरात. पार्ट पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत फिरून घेतले, एसटीने मांडीवर खोके घेऊन आलो, दोन दिवस लावून जोडला आणि पहिल्याच फटक्यात चालू झाला, तो आनंद अजून आठवतो. रात्री फरशीवर अनवाणी उभा राहून मागचा स्क्रू आवळायला गेलो आणि हाताला झिणझिण आली. टेस्टर कॅबिनेटच्या पत्र्याला लावला तर टेस्टर पेटला. मला वाटलं एसएमपीएसच खराब निघाला, दुकानदाराला फोन करायच्या तयारीत होतो.

दुसऱ्या दिवशी आमच्या गावातला वायरमन आला. त्याच्याकडे होल्डरमध्ये बल्ब आणि त्याला दोन वायरी, बाकी काही नाही. एक वायर फेजला, दुसरी न्यूट्रलला, बल्ब लख्ख. मग न्यूट्रलची वायर काढून अर्थच्या भोकात घातली तर बल्ब मेल्यासारखा. त्याने बोर्ड उघडला तर आत हिरवी वायर होती, पण तिचं टोक कापून, टेप गुंडाळून मागे दुमडून ठेवलेलं. तीन पिनचं सॉकेट होतं, तिसरी पिन कशालाच जोडलेली नव्हती. त्या बोर्डावर आम्ही पंधरा वर्षं मिक्सर चालवत होतो!

ह्यात एसएमपीएसची काही चूक नसते. त्याच्या आत फिल्टरचे छोटे कपॅसिटर असतात, ते फेज आणि न्यूट्रल दोन्हींना बॉडीशी जोडतात आणि तिथून थोडासा करंट अर्थला जावा अशीच रचना असते. अर्थच नसेल तर 230 व्होल्टच्या साधारण निम्मे, म्हणजे 115 च्या आसपास व्होल्ट बॉडीवर येऊन बसतात. करंट अगदी कमी म्हणून नुसती झिणझिण, पण उद्या खरोखर आतली वायर पत्र्याला टेकली तर तो करंट जायला वाट तुमच्या अंगातूनच. आम्ही मागच्या अंगणात खड्डा खणून, जीआय पाइप पुरून, कोळसा-मीठ भरून नवीन अर्थिंग केलं. हे तुम्ही स्वतः करू नका, वायरमनलाच बोलवा, पण पीसीच्या बजेटमध्ये हा खर्च पहिल्या ओळीत लिहा.

आता मॉनिटर. ग्राफिक्स कार्डाचं काम म्हणजे स्क्रीनवरचे ठिपके रंगवणं, तर किती ठिपके आणि सेकंदाला किती वेळा हे मॉनिटर ठरवतो. 1080p म्हणजे 20,73,600 ठिपके. 1440p म्हणजे 36,86,400. 4K म्हणजे 82,94,400, म्हणजे 1080p च्या बरोब्बर चौपट. 60 हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला 60 वेळा, एक फ्रेम बनवायला कार्डाला 16.7 मिलिसेकंद मिळतात, 144 वर फक्त 6.9. म्हणून "हे कार्ड चांगलं का" ह्याला उत्तरच नाही, कुठल्या मॉनिटरसाठी ते सांगा मग बोलू. महागडं कार्ड घेऊन जुन्या 60 हर्ट्झच्या मॉनिटरला जोडलेली मुलं मी पाहिलीत, पैसे गेले आणि डोळ्यांना फरक शून्य, मला खरंच वाईट वाटतं. पहिल्या पीसीला माझं मत सरळ आहे, 1080p, 144 हर्ट्झ किंवा वर, आयपीएस पॅनल (बाजूने बघितलं तरी रंग नीट दिसणारा), आणि कार्डावर किमान 8 जीबी मेमरी. आणि मॉनिटरची केबल कार्डात लावा, मदरबोर्डात नाही, शिवाय विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन 144 निवडा, कारण बऱ्याचदा ते 60 वरच राहतं आणि महिनोन्महिने कळत नाही.

प्रोसेसरवर फार डोकं लावू नका, सहा कोअरचा मधल्या किमतीचा पुरतो. मी रायझन 5 5600 घेतला होता, सहा कोअर, बारा थ्रेड, 65 वॅटचा, कूलर खोक्यातच. फक्त त्याला स्वतःचं ग्राफिक्स नाही, इंटेलच्या नावात शेवटी एफ असलेल्यांनाही नसतं, तेव्हा "आधी प्रोसेसर घेतो, कार्ड पुढच्या पगाराला" असा बेत असेल तर स्क्रीनवर काही दिसणारच नाही. व्हॅलोरंटसारखे हलके नेमबाजीचे ऑनलाइन गेमच खेळायचे असतील तर कार्डापेक्षा प्रोसेसरचा जास्त उपयोग होतो हेही लक्षात ठेवा. एएम4 मध्ये, म्हणजे माझ्या रायझनच्या सॉकेटमध्ये, पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात, कूलरखालची थर्मल पेस्ट चिकटली की कूलर ओढताना प्रोसेसरच उपटून वर येतो, म्हणून काढायच्या आधी पीसी थोडा वेळ चालवून गरम करा, मग बंद करून वायर काढा आणि कूलर हलकेच फिरवून सोडवा. त्याच्या पुढच्या एएम5 सॉकेटमध्ये आणि इंटेलमध्ये पिना मदरबोर्डावर असतात, तिथलं प्लास्टिकचं झाकण जपून ठेवा, वॉरंटीला बोर्ड द्यायची वेळ आली तर ते लागतं.

रॅम 16 जीबी घेताय तर 8 च्या दोन पट्ट्या घ्या, एक 16 ची नको, दोन पट्ट्यांनी प्रोसेसर आणि रॅममधले दोन्ही चॅनल, म्हणजे दोन्ही रस्ते, चालतात. बहुतेक बोर्डांवर त्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसतात, पण बोर्डाचं पुस्तक बघून घ्या. मग बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, जाऊन एक्सएमपी चालू करा, त्यानेच रॅम खोक्यावर लिहिलेल्या वेगाने चालते. माझी 3200 ची रॅम मी दोन महिने 2133 वर चालवली, कारण हे कोणी सांगितलंच नव्हतं. भाव विचाराल तर आज विचारा आणि आजच घ्या, 2025 च्या शेवटी रॅम कशी चढली ते सगळ्यांनी पाहिलंय.

आणि आता ते "कुठलाही चालेल". एका मित्राला एका दुकानात कॅबिनेटसोबत एसएमपीएस जवळजवळ फुकटात मिळाला, वर मोठ्ठ्या अक्षरात 450. कार्ड त्याचं आरटीएक्स 3060, 170 वॅटचं. गेम चालू केला की पाच-दहा मिनिटांत पीसी धाडकन बंद. मी गेलो, कॅबिनेटची बाजू उघडली आणि एसएमपीएसच्या पोटावरचं स्टिकर टॉर्च मारून वाचलं. 12 व्होल्टच्या रकान्यात 18 अँपिअर. 12 गुणिले 18 म्हणजे 216 वॅट, आणि कार्ड नि प्रोसेसर हे दोघंही मुख्यतः ह्याच 12 वर जगतात! कार्डाचे 170 आणि प्रोसेसरचे सत्तरेक धरले तरी हिशोब बाहेर जातो. शिवाय त्याला कार्डाची आठ पिनची केबलच नव्हती, दुकानातून मोलेक्सचा, म्हणजे जुन्या चार पिनच्या वायरीचा, जोड लावून दिला होता, तो जोड हात लावला तर चांगलाच गरम लागत होता. म्हणून समोरचा आकडा वाचू नका, तो रकाना वाचा. एसएमपीएसवर लिहिलेलं 80 प्लसचं ब्रॉन्झ-गोल्ड हे वीज किती वाया जाते त्याचं माप आहे, आत सुरक्षेचे सर्किट चांगले आहेत का हे त्यावरून कळत नाही, तेव्हा नाव असलेल्या कंपनीचा, पाच वर्षं किंवा जास्त वॉरंटीचा 550 वॅटचा घ्या, अशा पीसीला तो पुरून उरतो. तेवढ्यासाठी कार्ड एक पायरी खालचं घ्यावं लागलं तर घ्या, मी दर वेळी हेच सांगतो आणि दर वेळी मुलं नाराज होतात. कार्ड दोन वर्षांनी बदलता येतं, चांगला एसएमपीएस मात्र पुढच्या पीसीतही जातो.

यूपीएस घ्याच, पावसाळ्यात आमच्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही. पण 600 व्हीएचा म्हणजे साधारण 360 वॅटचाच असतो, तो गेम सेव्ह करून पीसी नीट बंद करण्यापुरता आहे, खेळत बसण्यासाठी नाही.

सेकंडहँड कार्डाचंही विचारता. सप्टेंबर 2022 मध्ये इथेरियम ह्या क्रिप्टो चलनाचं कार्डांवरचं मायनिंग (कार्ड दिवसरात्र चालवून नाणी कमावणं) थांबलं आणि ती कार्डं बाजारात ओतली गेली, त्यातली काही ठीक चालतात. पण समोर अर्धा तास गेम चालवून, पंख्यांचा आवाज ऐकून, तापमान बघूनच पैसे द्या, आणि वॉरंटी संपली असेल तर पहिल्या पीसीला नकोच असं मी म्हणेन.

पक्कं बिल घ्या, त्यावर प्रत्येक पार्टचा सिरियल नंबर लिहून घ्या. खोके माळ्यावर ठेवा, सगळे, आतल्या फोमसकट, आणि घरी आईला आधीच सांगून ठेवा की दिवाळीच्या साफसफाईत ते रद्दीवाल्याला द्यायचे नाहीत, निदान तीन वर्षं तरी.